मेंढीचं काय झालं

फेरो बेटांवर डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं,
त्यामुळे झोप यायला हवी, पण येत नाही.
म्हणून नाताळच्या आधीचे बारा दिवस
रात्री साडेदहाला सुन्वा रेडिओवर गोष्ट वाचते
आणि मी काचेच्या अलीकडे बसून
आवाजाची सुई बघतो.
बंदर कचेरीच्या माळ्यावर आमचं केंद्र:
दोन खुर्च्या, एक मायक्रोफोन, एक हीटर.
वाचन सुरू होण्याआधी तो बंद करावा लागतो,
कारण तो खोकतो.

तिच्या गोष्टींत फारसं घडत नाही.
घडू द्यायचंच नसतं, ती म्हणते.
वादळ आलं की माणूस कूस बदलतो,
चोर आला तर उठून कडी बघून येतो.
म्हणून कुणी म्हातारी नुसती लोकर विंचरते.
होडी खाडीत शिरते, तीही सावकाश.
कणीक फुगते.
खिडकीतल्या कागदी ताऱ्यात दिवा लागतो,
मग शेजारच्या खिडकीत,
मग त्याच्या शेजारच्या.

खरे दिवे मात्र विझत जातात.
मी वरून बघतो ना:
आधी शाळेजवळची घरं,
मग चर्चच्या चढावरची,
शेवटी मासळी कारखान्यातल्या रातपाळीच्या बायकांची.
मला पेंगायची परवानगी नाही.
पगार त्याचाच मिळतो.

त्यामुळे गोष्टींचे शेवट
अख्ख्या बेटावर मला एकट्यालाच ठाऊक.
दुकानात मालान विचारते, त्या होडीचं पुढे काय झालं रे?
पोचली, मी सांगतो.
ती जराशी हिरमुसते.
तिनं झोपेत ती कुठेतरी
भलतीकडेच नेलेली असते.

यंदा चोवीस तारखेला मेंढीची गोष्ट होती.
कळप खाली आला, एक वर राहिली.
धनी कंदील घेऊन निघाला.
सुन्वानं दिवसभर एकवीस माणसांचं रांधलं, वाढलं होतं.
हाताला अजून कांद्याचा वास होता.
धनी दगडी कुंपणापाशी थांबला, ती म्हणाली.
त्यानं हाक मारली. आणि.
आणि त्यानं.
आणि.

काचेपलीकडे तिची हनुवटी मफलरवर टेकलेली,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
पाच सेकंद शांतता झाली की संगीत लावायचं,
हा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे.
माझं बोट बटणावरच होतं.
तेवढ्यात सुई थोडी वर गेली, खाली आली.
पुन्हा वर गेली. खाली.
मी बोट काढून घेतलं.
अकरा मिनिटं आम्ही बेटाला
एका दमलेल्या बाईचा श्वास ऐकवला.

मग फोनचा लाल दिवा लागला.
उत्तर टोकावरचा हानुस, वय नव्वद.
झोपली का ती?
हो.
झोपू दे. पण मेंढी?

कागद तिच्या तळहाताखाली होता.
आयुष्यात पहिल्यांदा मला शेवट माहीत नव्हता.
मी मायक्रोफोनपासून तोंड वळवलं
आणि हळूच म्हणालो,
धन्याला मेंढी सापडली नाही, हानुस.
मेंढीलाच धनी सापडला.
ती कुंपणाच्या आडोशाला वारा चुकवून उभी होती,
तिला त्याच्या कोटाचा वास आला.
बरं, मग?
मग दोघं उतरायला लागली.
ती पुढे, कारण वाट तिला ठाऊक.
कंदिलात तेल होतं?
होतं.
ओढा गोठला होता, त्यांनी तो ओलांडला.
मग फाटक आलं, फाटकाला दोरी बांधलेली,
तिची गाठ ओली, बोटं गारठलेली,
धनी ती गाठ सोडवत राहिला, सोडवत राहिला,
घाई कसली होती त्याला...

पलीकडे हूं आलं नाही.
रिसीव्हर मी ठेवला नाही.
एका कानात हानुस, दुसऱ्यात सुन्वा,
दोघांचा श्वास मागेपुढे.
मेंढी अजून फाटकाबाहेर उभी.
मी बसलोय,
ती आत जाईपर्यंत
कुणीतरी जागं असायला हवं.